मोठी चित्रपुस्तके शाळेत आली, पण ती तुमच्या मुलासमोर उघडली जातात का?

तुमचे मूल सरकारी शाळेत पहिली, दुसरी किंवा तिसरीत असेल, तर ते ‘निपुण भारत’ योजनेचे लाभार्थी आहे. यासाठी तुम्ही कुठे अर्ज केलेला नाही, आधार जोडलेले नाही, खात्यात पैसेही आलेले नाहीत. म्हणून बऱ्याच पालकांना या योजनेचे नावसुद्धा ठाऊक नसते. रेशन मिळाले नाही तर लगेच कळते, शिष्यवृत्ती अडकली तर पासबुकात दिसते. इथे मिळायचा लाभ वेगळा आहे: तिसरी संपेपर्यंत मुलाला वाचता यावे आणि वाचलेले समजावे. तो मिळाला नाही तर घरी कोणाच्या पटकन लक्षात येत नाही. मूल रोज दप्तर घेऊन जाते, डबा खाऊन येते, वर्षाच्या शेवटी वरच्या वर्गात जाते. पाचवीत पोहोचल्यावर कळते की त्याला परिच्छेद वाचता येत नाही.

ही योजना केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केली आणि उद्दिष्ट गाठण्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठेवली. मुदत जवळ आली आहे, म्हणून आज तिच्यातल्या एकाच गोष्टीकडे पाहू: वर्गात वापरायची मोठ्या आकाराची चित्रपुस्तके. शिक्षक त्यांना ‘बिग बुक’ म्हणतात. काही ठिकाणी ‘मोठे पुस्तक’ एवढेच म्हटले जाते आणि तोच शब्द मला बरा वाटतो.

आकडे काय सांगतात

‘असर’ हा ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केला जाणारा पाहणी अहवाल आहे. त्याच्या २०२४ च्या फेरीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्याने झालेली घसरण भरून निघाली आणि आकडा २०१८ च्याही पुढे गेला. ही सुधारणा खरी आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तरी उलट बाजूने वाचले, तर तिसरीतल्या चारपैकी तीन मुलांना अजूनही मागच्या इयत्तेचा उतारा वाचता येत नाही.

याच अहवालातला दुसरा एक आकडा बातम्यांमध्ये फारसा आला नाही. पाहणी करणारे लोक शाळेत गेले, त्या दिवशी पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तके मुलांच्या हातात दिसली का, याचीही नोंद होते. २०१८ मध्ये अशा शाळा ३६.९ टक्के होत्या, २०२२ मध्ये ४४ टक्के, २०२४ मध्ये ५१.३ टक्के. म्हणजे आता निम्म्या शाळांत पुस्तके वापरात दिसतात. उरलेल्या निम्म्या शाळांत पुस्तके अजिबात नाहीत असा याचा अर्थ नाही. अनेक ठिकाणी ती असतात, नोंदवहीत चढवलेली असतात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. फाटली तर ऑडिटला उत्तर काय द्यायचे, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. पण कोरे करकरीत राहिलेले पुस्तक हा चांगल्या कारभाराचा पुरावा कधीपासून झाला, हेही विचारायला हवे.

मोठे पुस्तक म्हणजे नेमके काय?

साधे गोष्टीचे पुस्तक शिक्षकांनी हातात धरून वाचले, तर मुले गोष्ट ऐकतात. चित्र दिसले तर दिसले. अक्षरे मात्र एकट्या शिक्षकांनाच दिसतात. घरी एखादी आई किंवा आजी मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक वाचते, तेव्हा मुलाला पानही दिसते. कोणता शब्द बोलला गेला आणि तो कागदावर कुठे आहे, याची सांगड त्याच्या मनात आपोआप बसत जाते. ज्या घरात पुस्तकच नाही, किंवा वाचून दाखवणारे कोणी नाही, तिथल्या मुलाला हा अनुभव मिळत नाही.

न्यूझीलंडमधले शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे आणि त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांनी यावर एक साधी युक्ती केली. पुस्तकच इतके मोठे करायचे की सगळ्या वर्गाला मांडीवर बसल्यासारखे ते दिसेल. होल्डवे यांनी १९७९ मध्ये आपल्या पुस्तकात ही पद्धत मांडली आणि ती पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडे पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. त्यात वाचनाचे चार प्रकार सांगितले आहेत: शिक्षकांनी वाचून दाखवणे, सर्वांनी मिळून वाचणे, शिक्षकांच्या मदतीने वाचणे आणि मुलाने स्वतः वाचणे. मोठे पुस्तक यातल्या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. हिंदी कागदपत्रांत त्याला ‘साझा पठन’ म्हणतात. मराठीत कुठे ‘सहवाचन’, कुठे ‘सामायिक वाचन’ असे लिहिलेले आढळेल. तुम्ही शाळेत विचाराल तेव्हा ‘सगळी मुले मिळून मोठे पुस्तक वाचतात का?’ असे विचारा. कोणत्याही शिक्षकांना ते कळेल.

वर्गात हे कसे चालते ते पाहा. मुले जमिनीवर शिक्षकांच्या जवळ दाटीवाटीने बसतात. पुस्तक स्टँडवर, खुर्चीवर किंवा खडू ठेवायच्या फळीवर उभे करतात. आधी फक्त मुखपृष्ठ दाखवून ‘या गोष्टीत काय असेल?’ असे विचारतात. मुले वाट्टेल ते सांगतात आणि ते सांगू द्यायचे असते. मग शिक्षक पट्टी किंवा काडी प्रत्येक शब्दाखाली सरकवत सावकाश वाचतात. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा. पुन्हा पुन्हा येणारी ओळ आता मुलेच म्हणू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादे मूल पुढे येऊन काडी धरते. कोणी ‘क’ असलेले शब्द शोधते, कोणी एक शब्द झाकून तिथे काय असेल ते ओळखते. एकच पुस्तक आठवडाभर पुरते. पालकांना कधी वाटते, ‘रोज तीच गोष्ट, शिकवत काही नाहीत.’ खरे तर रोज नवीन पुस्तक उघडले जात असेल तर काळजी करावी. तेच पुन्हा वाचल्यानेच सांगड पक्की होते.

मराठीसाठी मोठ्या अक्षरांचा एक वेगळा उपयोग आहे आणि तो इंग्रजी पुस्तकांवरून केलेल्या प्रशिक्षणात सहसा सांगितला जात नाही. आपल्या लिपीत अक्षराच्या चारही बाजूंना काहीतरी लागते: वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, पुढे काना. ‘किती’ हा शब्द घ्या. कानाला आधी ‘क’ ऐकू येतो, पण कागदावर आधी दिसते ती पहिली वेलांटी. ‘ती’ची दुसरी वेलांटी मात्र अक्षरानंतर येते. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ हा ‘य’च्या आधी येतो, पण लिहिताना तो ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. मोठ्या माणसांना हे जाणवतही नाही. सहा वर्षांच्या मुलाला मात्र हे कोडे वाटते, आणि बारीक छपाईत तर ते दिसतही नाही. तळहाताएवढ्या अक्षरावर शिक्षकांनी बोट ठेवले की वर्गातली तीसही मुले एकाच वेळी तीच वेलांटी पाहतात.

आकार मोठा झाला म्हणून आकलन वाढत नाही

इथे थोडे सावध राहायला हवे. मोठे पुस्तक हे साधन आहे. ते भिंतीला टांगून ठेवले, पाहुणे आल्यावर मुलांकडून पाठ म्हणून घेतले, तर त्याचा तक्त्याहून जास्त उपयोग नाही. चित्रे भरपूर असल्याने काही मुले चित्र पाहून गोष्ट सांगतात आणि आपण वाचले असे समजतात. पहिलीत याला हरकत नाही, वाचनाची सुरुवात अशीच होते. दुसरीच्या मध्यापर्यंतही मूल अक्षरांकडे न पाहता चित्रावरून बोलत असेल, तर मात्र लक्ष द्यावे लागेल.

आकलन वाढते ते प्रश्नांमुळे. समजा, गोष्टीत आजी एसटीने निघाली आहे आणि तिच्या शेळीने तिकीट खाल्ले. ‘तिकीट कोणी खाल्ले?’ याचे उत्तर पानावर लिहिलेले असते. मूल ते शोधून सांगते, यात समजण्याचा भाग थोडाच आहे. ‘कंडक्टर आल्यावर आजीने शेळीचे तोंड पदराने का झाकले?’ याचे उत्तर कुठेच लिहिलेले नसते. त्यासाठी आजीच्या मनात काय चालले असेल याचा विचार करावा लागतो. ‘तुझ्या घरी असे कधी झाले का?’ या प्रश्नाला प्रत्येक मुलाचे उत्तर वेगळे असते. या तिन्ही प्रकारचे प्रश्न विचारले गेले तर पुस्तक कामाला आले म्हणायचे. पहिल्याच प्रकारचे विचारले, तर ती नेहमीचीच ‘रिकाम्या जागा भरा’ झाली.

‘निपुण’च्या उद्दिष्टांमध्येही हा धोका आहे. पहिली संपताना मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये वाचावीत, दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरी संपताना किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. यातले शेवटचे तीन शब्द गळून पडतात आणि घड्याळ उरते. मोबाइलवर एक मिनिट लावायचे, शब्द मोजायचे, पत्रकात भरायचे. वेग महत्त्वाचा नाही असे नाही. मूल एकेक अक्षर जोडत वाचत असेल तर वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरलेले असते. पण वेगाने वाचणारे प्रत्येक मूल समजून वाचते, असे मात्र मानता येत नाही.

शब्द मोजण्यात भाषेचाही प्रश्न आहे. मराठीत ‘झाडाखालच्या’ हा एक शब्द. हिंदीत त्याच अर्थाला ‘पेड़ के नीचे वाले’ असे चार शब्द लागतात. मग मराठी मुलाचे एका मिनिटातले ४५ शब्द आणि हिंदी मुलाचे ४५ शब्द सारखे कसे धरायचे? शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांचा २० भाषांमध्ये अभ्यास केला, तो याच कारणाने प्रत्येक भाषेचे निकष वेगळे ठरवण्यासाठी. तेव्हा तुमच्या मुलाचा आकडा दुसऱ्या माध्यमातल्या शेजारच्या मुलाशी ताडून पाहू नका.

पैसा कुठून येतो आणि हिशेब कोणाला विचारायचा

‘निपुण भारत’ ही ‘समग्र शिक्षा’ या मोठ्या योजनेच्या आत आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यासाठी तिला मंजुरी मिळाली होती. बहुतेक राज्यांत खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांसाठी तो ९० आणि १० टक्के आहे. या योजनेत दोन तरतुदी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, ‘निपुण’खाली अध्ययन-अध्यापन साहित्यासाठी दर मुलामागे वर्षाला ५०० रुपयांपर्यंत. दुसरी, शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदान, शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे त्यानुसार. या कमाल मर्यादा आहेत. राज्याने किती मागितले, किती मंजूर झाले आणि प्रत्यक्षात काय पोहोचले, ही तीन वेगळी उत्तरे असू शकतात. अनेकदा पैसे शाळेच्या हाती येत नाहीत, राज्य पातळीवर साहित्य छापून पेट्या पाठवल्या जातात. म्हणून ‘पैसे आले का?’ एवढेच विचारले तर ‘नाही आले’ हे उत्तर खरेही असू शकते. त्यासोबत ‘साहित्य आले का, केव्हा आले, कोणत्या वर्गाला दिले?’ हेही विचारावे.

हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला कायद्याने अधिकार आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात. शाळेचे कामकाज पाहणे, विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो यावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, एवढा फरक लक्षात ठेवा. शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, हे याच कायद्याच्या अनुसूचीत आहे.

समितीत तुम्ही नसाल तरी तुमच्या वस्तीतली कोणीतरी आई असेलच. तिला सांगा, की पुढच्या बैठकीत एकच विषय मांडा: मोठी पुस्तके आठवड्यातून किती दिवस आणि कोणत्या तासाला वापरली जातात ते वेळापत्रकात लिहावे. तक्रार म्हणून नव्हे, ठराव म्हणून. आणि त्याच ठरावात हेही लिहून घ्या की वापरताना फाटलेले पुस्तक समितीच्या संमतीने नोंदवहीतून कमी करावे, शिक्षकांकडून भरपाई मागू नये. कपाटाचे कुलूप बऱ्याचदा या एका वाक्याने उघडते. वर्षभरात काहीच हालले नाही, तर केंद्रप्रमुख आणि त्यानंतर गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. किती साहित्य आले याची माहिती देण्यास टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकार कायद्याचा मार्ग आहेच.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांचा प्रश्न

बेळगाव-बिदर, गोवा, सिल्वासा या भागांत मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत. तिथे येणारी पुस्तकांची पेटी त्या-त्या राज्याची असते. मोठे पुस्तक मराठीतच हवे, ही मागणी करताना संकोच करू नका. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी द्याव्यात, असे संविधानाचा अनुच्छेद ३५० क सांगतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरते.

महाराष्ट्रातही ‘घरची भाषा’ सगळीकडे पुस्तकातली मराठी नसते. अहिराणी, गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या घरातले मूल पहिलीत येते तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम शिकायच्या असतात: नवी भाषा आणि वाचन. छापील पुस्तक त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल. पण मोठे पुस्तक वर्गातच करता येते, आणि माझ्या मते सर्वांत चांगली मोठी पुस्तके तीच. कार्डशीटचे सात-आठ कागद, जाड स्केचपेन, कडेला दोन भोके आणि सुतळी. गोष्ट मुलांनी आपल्या बोलीत सांगायची, शिक्षकांनी ती एका पानावर एक-दोन वाक्ये अशी लिहायची, चित्रे मुलांनी काढायची. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूही चालतात. गावातल्या बाजाराची, विहिरीत पडलेल्या बादलीची, पळून गेलेल्या कोंबडीची अशी गोष्ट असली की ते पुस्तक वाचायला कोणत्याही मुलाला ढकलावे लागत नाही.

शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर आणखी एक मार्ग आहे. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मोफत वाचता आणि उतरवून घेता येतात. एक पान पडद्यावर लावले की तेच मोठे पुस्तक झाले. पण मग काडी घेऊन शिक्षकांनी उभे राहायलाच हवे. आवाजासह व्हिडिओ लावून बाहेर जाणे म्हणजे सहवाचन नव्हे.

ज्या मुलाला कमी दिसते त्याला मोठ्या अक्षरांचा फायदा होतो, त्याला पुढे बसवायला सांगा. त्याचबरोबर त्याची तपासणी आणि चष्मा किंवा इतर साधने ही ‘समग्र शिक्षा’तील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या वेगळ्या तरतुदीतून मिळू शकतात. मोठे पुस्तक त्यांच्या जागी धरू नका. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे सलग महिने बुडतात. शक्य असेल तर ती गावच्या हंगामी वसतिगृहात राहावीत. नाहीच जमले तर परतल्यावर मुलाला त्याच्या आधीच्या पातळीपासून शिकवायला सांगा, वर्ग जिथे पोहोचला आहे तिथून नव्हे.

घरी तुम्हाला वाचता येत नसेल तरी

शाळेत काय चालले आहे हे समजून घ्यायला तुम्हाला वाचता आलेच पाहिजे असे नाही. संध्याकाळी मुलाला विचारा, ‘आज बाईंनी कोणते मोठे पुस्तक वाचले?’ आठवडाभर ‘कोणतेच नाही’ असे उत्तर आले, तर पुढे काय करायचे ते वर सांगितले आहे. गोष्टीचे नाव सांगितले, तर ‘मग काय झाले?’ आणि त्यानंतर ‘तो असे का वागला?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला मूल भराभर बोलेल. दुसऱ्याला थांबेल, विचार करेल, कदाचित म्हणेल की उद्या बाईंना विचारून सांगतो. त्याला थांबू द्या, उत्तर तुम्ही सांगू नका.

शाळेतून गोष्टीचे लहान पुस्तक घरी न्यायला परवानगी असेल तर जरूर आणा. मोठ्या पुस्तकाची लहान प्रत असेल तर आधी तीच मागा, कारण मुलाला ती गोष्ट ठाऊक असते आणि ते ती तुम्हाला वाचून दाखवू शकते. मूल वाचत असताना त्याचे बोट शब्दांखालून सरकते आहे का, एवढेच पाहा. बोट शब्दाबरोबर चालत असेल तर ते वाचते आहे. बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे असेल, तर ते पाठ म्हणते आहे. पहिलीत असे असेल तर चालेल. तिसरीत असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटा.